मिरजेच्या अलीकडची मुंबई

मुंबईला जावं की नाही, हे माझं काही केल्या ठरत नाही. यात ठरवायचं ते काय एवढं, असं कुणीही म्हणेल. धारवाड स्टेशनवर संध्याकाळी गाडीत बसायचं, सकाळी तिथं उतरायचं. आमच्या गल्लीतली माणसं नातवंडांना बघायला अमेरिकेला जाऊन येतात नि आल्यावर दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन भाजीला बाहेर पडतात. पण मी अजून मुंबई पाहिलेली नाही. साठी उलटून गेली, काशी झाली, रामेश्वर झालं, गोव्याचा नि कारवारचा समुद्र पाहून झाला, मुंबई नाही. एकदा दिल्लीला जाताना विमान मुंबईवरून चाललं होतं. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "बघा, बघा, खाली मुंबई." खिडकी माझी होती. मी डोळे मिटून घेतले.

आमचे हे तेव्हापासून सगळ्यांना सांगत सुटलेत, "हिचं नि मुंबईचं भांडण आहे." हे पेशानं वकील, त्यामुळे त्यांना सगळीकडे भांडणच दिसतं. भांडण नाही हो. मत्सर आहे. सरळ सांगून टाकते. माझी थोरली बहीण, अक्का, लहानपणी मुंबईला जायची आणि मी जायची नाही, एवढंच त्याचं मूळ. इतक्या वर्षांत ते विझायला हवं होतं. विझलं नाही, त्याला मी तरी काय करू?

गेल्या आठवड्यात अक्काचा फोन आला. ती लग्न करून मुंबईला गेली ती तिथलीच झाली. गिरगावात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, नि पुढे सगळ्यांची मिळून एक लांबलचक गॅलरी. भावोजी गेल्यावर एकटीच राहते. म्हणाली, "बिल्डिंग पाडायला काढलीय. महिनाअखेर सगळ्यांनी खाली करायची. मुलगा बंगळूरला नेतोय मला."

"नवी बांधून देतील की."

"देतील तेव्हा देतील. तोवर मी असेन का? एकदा ये की गं. यानंतर मुंबईत आपलं दार राहणार नाही."

मी "बघते" म्हणाले. बघते म्हणजे नाही, हे तिलाही कळतं नि मलाही. तिच्या मुलाच्या मुंजीला असंच बघते म्हणाले होते, नि मग ऐन वेळी पाय मुरगळला.

घरात विषय निघाला तर ह्यांचं ठरलेलं उत्तर आलं. "आता काय आहे मुंबईत? तेव्हा लोक जायचे, कारण तिथं मिळायचं ते इथं मिळायचं नाही. आता हुबळीत काय मिळत नाही, सांग. त्याच दुकानांच्या पाट्या, तोच सरकता जिना. धूळ खायची तर आपल्या रस्त्यावर काय कमी आहे?" शेजारच्या वहिनी नुकत्याच जाऊन आलेल्या. त्या म्हणाल्या, "नको बाई. सगळीकडे पत्रे ठोकलेत नि खणून ठेवलंय. माणसाला माणूस विचारत नाही. काही बघण्यासारखं राहिलं नाही." दोघांचं बोलणं मला गोड लागलं, खोटं कशाला बोलू. ज्या ताटावरून मला उठवलं, त्या ताटातलं आता सगळं विटलंय, असं कुणी सांगितलं तर कुणाला बरं वाटणार नाही? तरी दोन दिवसांनी मीच ह्यांना विचारलं, "पण अगदीच काही नसेल का हो?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं नि पुन्हा पेपरात तोंड घातलं.

अशा अवस्थेत मी परवा हुबळीला, दुर्गदबैलच्या बाजारात गेले. काम काही नव्हतं. अस्तराचं कापड घ्यायचं, हे आपलं निमित्त. बसमधून उतरले नि चालत आत शिरले. गर्दी तीच. हातगाड्या, रिक्षा, मधेच उभी राहून भाव करणाऱ्या बायका. ब्याडगी मिरचीच्या पोत्यांवरून वारा आला की अजूनही माणसं एकामागून एक शिंकतात. मिरचीच्या पुढे लोखंडाचं दुकान, तिथला तेलकट गार वास, नि त्याच्या पुढे आमचं. आमचं म्हणजे अप्पांचं, आमच्या वडिलांचं. आता माझा भाचा, धाकट्या भावाचा मुलगा संतोष, ते चालवतो.

संतोष फळीवर उभा राहून एका बाईला सांगत होता, "नोड्री, होस स्टॉक बंदैति." बघा, नवा माल आलाय. मला बघितल्यावर उतरला. "आत्या, या की. बसायला जागा नाही बघा, सगळं काढतोय. गादी काढून काउंटर करतोय. खाली बसून कापड घेणारं गिऱ्हाईक आता राहिलं नाही. गुडघे कुणाचे शाबूत आहेत?"

भिंतीला गादी उभी करून ठेवली होती. पांढरी चादर काढलेली, आतली निळ्या पट्ट्यांची खोळ उघडी पडलेली. शेजारी अप्पांचा लोड. मी जवळ गेले नि वाकून वास घेतला. संतोष म्हणाला, "आत्या, धूळ आहे." असू दे की धूळ. त्या धुळीत माझी मुंबई होती.

दिवाळीच्या आधी नि लग्नसराईच्या आधी अप्पा मुंबईला माल आणायला जायचे. जाताना अक्काला न्यायचे. का तिलाच, ते अप्पांनी कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणायचे, "हिची नजर चांगली आहे." हुबळीतल्या बायकांना कुठली चिटाची फुलं आवडतील, कुठला रंग धुण्याला टिकेल, ते म्हणे अक्काला कापड बघून कळायचं. मग माझी नजर काय वाईट होती? मी आईला विचारलं. आई दशम्या भाजत होती. म्हणाली, "तू गाडीत ओकतेस." एकदा, फक्त एकदा, सौंदत्तीच्या बसमध्ये मी ओकले होते, तेही मावशीनं केळी नि ताक एकदम दिलं म्हणून. त्या एका ओकारीनं माझी मुंबई गेली.

जायच्या दिवशी घराला वेगळाच वास सुटायचा. दशम्यांचा, शेंगांच्या चटणीचा, नि व्यापाऱ्यांना द्यायला आणलेल्या धारवाडी पेढ्यांचा, त्या भाजलेल्या खव्याचा. अक्काच्या दोन वेण्या आई इतक्या घट्ट घालायची की तिच्या भुवया वर जायच्या. नव्या रिबिनी. माझ्या वेण्या त्या दिवशी राहूनच जायच्या. दुकानाच्या पायरीवर उभी राहून मी टांगा जाताना बघायची, केस तोंडावर आलेले, नि अक्का मागे वळून हात हलवायची. मी हलवायची नाही. आई मागून म्हणायची, "हात हलव की गं, बहीण आहे ना?" मी हात फ्रॉकच्या खिशात घालायची. फ्रॉकला खिसा नसला तर पाठीमागे.

आणि ती परत यायची तो दिवस! केसांत कोळशाचा धूर, कपड्यांना कुठल्या तरी परक्या साबणाचा वास. दिवसभर झोपायची. मी उगाच तिच्या उशापाशी भांडी आपटायची. संध्याकाळी दुकानाच्या अर्ध्या फळ्या लावल्या की आत दिवा लागायचा नि सगळे गादीवर जमायचे. आई, काका, काकू, लोखंडवाल्यांच्या घरच्या अव्वा, त्यांच्या सुना. कुणीतरी म्हणायचं, "हां अक्का, मुंबई सांग." आमच्याकडे हा शब्दच होता, मुंबई सांगणं. जो जाऊन येईल त्यानं सांगायची नि राहिलेल्यांनी ऐकायची. अप्पा कुठले सांगतात? ते विडा लावत बसायचे. सांगायची अक्का. आणि सांगताना तिला लोडाला टेकून बसायला मिळायचं! त्या लोडाला अप्पांशिवाय कुणी टेकत नसे, काकासुद्धा नाही. मी मात्र गादीच्या कडेला, गोणपाटाच्या घडीवर. माझ्या हाताला शाईचे डाग असायचे, डोक्याला तेल चोपडलेलं, चादर खराब होईल म्हणून मला गादीवर घेत नसत.

तिथं बसून मी जी मुंबई ऐकली, ती अशी. दिवेलागणीला समुद्र बाजारात येतो. येतो म्हणजे हळूच येतो, दुकानांचे उंबरे धुतो नि परत जातो. दुकानदारांना त्याची वेळ माहीत असते, ते बोलता बोलता पाय वर घेऊन बसतात. एक दुकान आहे, तिथं नुसती बटणं मिळतात, दुसरं काहीच नाही, नि बटणवाला आंधळा आहे पण हात लावून रंग सांगतो. एक बस आहे दोन मजल्यांची. वरच्या मजल्यावर बसलं की झाडांच्या फांद्या खिडकीतून आत येतात, माणसं आपापलं पान तोडून घेतात, तेच तिकीट. लोखंडवाल्यांच्या अव्वा कानडीत म्हणायच्या, "हौदा?" खरंच का? अक्का मान हलवायची, हौद, हौद. मग कागद लावलेला पातळ हलवा वाटायचे. तो मला बेचव लागायचा. सगळा खायची, पण बेचव लागायचा.

एकदा तिनं मला तिकीट आणलं. बदामाचं पान, लाल होत आलेलं, तळहाताएवढं. म्हणाली, "वरच्या मजल्यावरून तोडलंय. तुझ्यासाठी." मी घेतलं नि फेकायचं ठरवलं. फेकलं नाही. भूगोलाच्या पुस्तकात ठेवलं. पुढे त्याचा चुरा झाला तरी देठ माझ्या कुंकवाच्या डब्यात राहिला, अजून आहे.

मुंबईहून निघालेला माल मागाहून यायचा. हातगाडीवर गासड्या, त्यांना गोणपाट शिवलेलं, वर काळ्या शाईची अक्षरं. हमाल खाली टाकायचे तेव्हा भुईतून धप्प आवाज यायचा. अप्पा टाके कापायचे नि गोणपाट बाजूला पडायचं, ते माझं. कुणाचं लक्ष नसताना मी त्यात तोंड खुपसायची. खळीचा वास, तागाचा वास, कुठल्या तरी गोदामाच्या ओलीचा वास. आणि मीठ. मला मीठ लागायचंच जिभेला. समुद्र आला असेल, उंबरा धुताना गासडीला लागला असेल. अक्काला सगळी मुंबई मिळाली, मला चाटण्यापुरती, असं मनात येऊन डोळे भरायचे. रागानं, बरं का.

त्यातनं जो तागा खपायचा नाही तो घरात यायचा. व्यापाऱ्याच्या घरची रीतच ती. एका वर्षी हळदी रंगावर जांभळी वांगी असल्यासारखं चीट राहिलं होतं. ते आम्हा दोघींचे फ्रॉक, आईची पोलकी, उशांचे अभ्रे नि न्हाणीघराचा पडदा होऊन आमच्याबरोबर चार दिवाळ्या नांदलं. अक्का नि मी शेजारी उभ्या राहिलो की तिच्या अंगावरचं मुंबईचं वाटायचं, माझ्या अंगावरचं राहिलेलं. लोक म्हणायचे, दोघी एकसारख्या. कुठल्या एकसारख्या?

पुढे तिला मुंबईचंच स्थळ आलं. अप्पांनी चटकन होकार दिला. मांडव हुबळीतच पडला. पाठवणीच्या वेळेला मी इतकी रडले की काकूनं मला आत नेऊन पाणी पाजलं. सगळ्या बायका हळहळल्या, बहिणी-बहिणींची माया बघा. माया होती, नव्हती असं नाही. पण त्या दिवशी मी मुंबईसाठी रडत होते. आता ती तिला कायमची मिळाली होती, नि सांगायलाही ती इथं नव्हती.

मला धारवाड मिळालं. हुबळीहून बसनं जेमतेम तासाचं. सकाळी ह्यांचे पक्षकार ओट्यावर बसलेले, दुपारी सासूबाईंचं चुरमुऱ्यांचं गिरमिट, नि मी हुबळीतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेत भूगोल शिकवायला रोज उलट तिकडे. माहेर नि सासर यांच्यामध्ये खो-खो खेळल्यासारखी तीस-पस्तीस वर्षं गेली. अक्का दर मे महिन्यात यायची. सकाळी चहाचा पेला घेऊन माझ्या पायरीवर बसायची नि म्हणायची, "काय हवा गं तुमची! काय शांत!" त्या 'तुमची'नं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मुंबईची माणसं गावाकडच्यांना असंच म्हणतात, तुमची हवा, तुमचं पाणी. म्हणजे हवा-पाणी आमचं, बाकी सगळं त्यांचं. मी म्हणायची, "आणखी चहा टाकू का?" ती मुंबईबद्दल काही सांगायची नाही. मीही विचारायची नाही. नवऱ्याच्या नोकरीचं, पाण्याच्या वेळेचं, मुलाच्या परीक्षेचं बोलायची. मला वाटायचं, मुद्दाम लपवतेय.

"आत्या," संतोष म्हणाला, "लोड न्यायचाय का? नाहीतर गादीबरोबर टाकून देणार होतो."

"टाकलास तर बघ."

"मग रिक्षात घालून देऊ?"

"इथंच ठेव. महिनाअखेरपर्यंत हात लावू नकोस." का म्हणाले तसं, मलाच कळलं नाही. त्यानं बिचाऱ्यानं लोडावर वर्तमानपत्र पसरलं नि तो माळ्यावर चढवला.

घरी आले. अस्तराचं कापड विसरूनच आले होते. हात-पाय धुतले, देवापाशी दिवा लावला नि फोन केला.

"अक्का, दुकानातली गादी काढतोय संतोष."

"होय? बरं झालं. ढेकूण झाले असतील."

मला असा राग आला! "तुला काय त्याचं? तू लोडाला टेकून बसलेली. मी आपली गोणपाटावर."

"अगं, तू अजून ते धरून बसलीयस?"

"बसलेय."

तिच्या पाठीमागे कुणीतरी खिळे काढत असल्यासारखा आवाज येत होता, बहुतेक शेजाऱ्यांचं सामान. मग म्हणाली, "काय गं सांगायची मी तेव्हा?"

मग मी तिला मुंबई सांगितली. दिवेलागणीचा समुद्र, पाय वर घेणारे दुकानदार, आंधळा बटणवाला, दोन मजली बस नि पानांचं तिकीट. एक शब्द गळला नाही. एवढ्या वर्षांत मी ती मनात इतकी घोटली होती की अव्वांचं 'हौदा' कुठं आलं तेही मला ठाऊक होतं. सांगून झाल्यावर मी थांबले.

"एवढं सगळं मी सांगितलं?"

"मग काय मी? विसरलीस ना? तुला काय, रोजचंच ते."

"विसरायला मी ते पाहिलं कुठं होतं गं?"

मला आधी वाटलं, चेष्टा करतेय. "म्हणजे?"

"म्हणजे अप्पा मला पेढीवर बसवायचे. कापडबाजारात आत, आणखी आत, एका गल्लीत. वर पत्रा. भर दुपारी दिवे लागलेले, आभाळाचा तुकडा दिसायचा नाही. अप्पा म्हणायचे, इथनं हलायचं नाही, हरवलीस तर तुझ्या आईला काय सांगू? सकाळपासून तागे उलगडायचे. हे बरं, ते नको, हे बरं, ते नको. मग धर्मशाळेत जाऊन झोपायचं. तिथल्या खिडकीसमोर भिंत. नि परत गाडी. दुर्गदबैलच की ते, नुसतं मोठं."

"आणि समुद्र?"

"समुद्र लग्नानंतर बघितला. नारळी पौर्णिमेला, सासूबाईंच्या मागनं. तो काही कुणाच्या दुकानात येत नव्हता."

मी देव्हाऱ्यासमोर खाली बसले. "पण पान? तू मला पान आणलं होतंस. बदामाचं, लाल."

"अगंबाई, ते!" तिला हसू फुटलं. "ते मिरजेचं. तेव्हा मिरजेला गाडी बदलायला लागायची, मोठी सोडून छोट्या गाडीत बसायचं. तुला कसं आठवणार, तू आली होतीस कुठं?"

एवढ्यातही तिनं बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

"मधे पुष्कळ वेळ असायचा. अप्पा बाकावर आडवे व्हायचे. प्लॅटफॉर्मच्या टोकाला बदामाचं झाड होतं, त्याच्याखाली वळकटीवर बसून मी जुळवायची. आता घरी सगळे जमणार, मुंबई सांग म्हणणार. आई भाकरी ठेवून येणार, तू तोंड उघडं टाकून बसणार. कापडाचे तागे सांगू तुम्हाला? ते तर आपल्याकडेही होते. मग छोटी गाडी येईस्तोवर मुंबई तयार करायची. सगळी मुंबई मिरजेच्या अलीकडची गं. पलीकडचं काही नाही त्यात."

"खोटारडी," मी म्हणाले. माझा आवाज लहान पोरीसारखा आला.

"होय की. पण भोगलंही मीच. स्थळ आलं तेव्हा अप्पा म्हणाले, पोरीला मुंबईचं वेड आहे, तिथंच देऊ. काय म्हणणार होते मी? सगळ्यांच्या देखत इतकी वर्षं सांगितलेली." तिचं हसू थांबलं होतं. "तू आपली धारवाडात. आईला बरं नाही म्हटलं की तासाभरात तिच्याजवळ. मी निघून मिरज गाठायच्या आत तिकडे सगळं आटपलेलं असायचं. अप्पांच्या वेळेलाही तेच, आईच्या वेळेलाही तेच. मे महिन्यात तुझ्या पायरीवर बसायची ना मी, चहा घेऊन, तेव्हा तुझा असा राग यायचा, की वाटायचं पेला तिथंच आपटावा."

"मला कधी बोलली नाहीस."

"तू तरी कुठं बोललीस?"

जिला जाळायला मी एवढी वर्षं लाकडं फोडत होते, ती पलीकडे बसून माझ्यासाठी फोडत होती. वाटेल कुणाला, आता हिचा मत्सर गेला असेल. कुठला जातोय! मी फोन कानाला लावून तिथंच बसले होते नि माझ्या मनात आलं, समुद्र दुकानात आणायचं मला कधी सुचलं असतं का? पत्र्याखाली दिवसभर बसून, एका झाडाखालच्या वळकटीवर, या बयेनं एवढं शहर उभं केलं. मला नेलं असतं तर मी पत्रा बघितला असता नि घरी येऊन पत्राच सांगितला असता. अप्पा बरोबर म्हणायचे. नजर होती तिची. तेवढ्यासाठी मी तिच्यावर नव्यानं जळले, चांगली खालपासून वरपर्यंत.

"मग आता मी येऊ कशाला?" मी विचारलं. "बघायचंय काय तिथं?"

"काही नाही. तिकडे सगळे तुला सांगतच असतील ना, बरोबर सांगतात. खणलेलं आहे, धूळ आहे. समुद्राच्या कडेनं आणखी रस्ते झाले. भांडी बांधायचीत मला, माळ्यावरचं काढायचंय. तेवढं झालं की..." ती अडखळली. "हसू नकोस. दोन मजली बसमध्ये मी वरती कधी गेलेच नाही. आधी कडेवर मूल, नाहीतर हातात पिशव्या, नेहमी उतरायची घाई. आता गुडघे. एकटीनं जिना चढायचा धीर होत नाही. धरायला कुणी असलं तर जाईन म्हणते. हल्लीच्या त्या बसला एसी असतो, खिडकी उघडत नाही. पान काही मिळायचं नाही तुला."

दाराशी ह्यांची चाहूल लागली. फिरून आले होते. मी दिव्याशी बसलेली बघून थबकले. हातानंच विचारलं, काय झालं? मी हातानंच सांगितलं, काही नाही. डोळे पुसले नि देव्हाऱ्यातला कुंकवाचा डबा उघडून बघितला. देठ होता. मिरजेचा.

"अक्का, मी येते."

"खरंच?"

"येते म्हटलं ना. बघते नाही म्हटलं. पण सामान बांधून झालं की तू आधी माझ्याबरोबर इकडे यायचं. बंगळूर कुठं पळून जात नाही."

"बरं."

"आणि आल्यावर मुंबई मी सांगणार. दुकानात, सगळ्यांसमोर. लोड ठेवायला सांगितलाय संतोषला. लोडाला मी टेकणार."

"नि मी कुठं बसू?"

"तू गोणपाटावर."

पलीकडे ती हसतेय की रडतेय ते मला कळेना. नाक ओढल्याचा आवाज आला. मग अगदी आईच्या आवाजात म्हणाली, "बसेन की. पण बाई, खरं तेवढंच सांग हं."

"ते मिरजेला बघू," मी म्हणाले.